आधीचं काम आधी सांगा

मिलचं धान वाळवायचं आंगण बंद झालं तेव्हा मी रडले असेन असं लोकांना वाटतं. मी रडले नाही. घरी आले, पाय धुतले आणि भरदुपारी झोपले. दुपारची झोप कशी असते ते मला तोवर माहीत नव्हतं.

या दिवाळी अंकाचं काम बघणारा मुलगा घरी आला होता. म्हणाला, आजी, तुमच्या कामाबद्दल लिहून द्या. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली. तो म्हणाला, चौथीचंच लिहा. म्हणून लिहिते आहे. कुठल्या साली काय झालं ते मला विचारू नका, मला आठवत नाही आणि त्यात काही मजाही नाही. मला एवढंच सांगायचं आहे की दुसऱ्याला काम सांगायचं कसं. माझं पोट त्यावर चाललं, आणि गेल्या हंगामात त्यावरूनच माझ्या नातीची नोकरी जाता जाता राहिली.

आधी मिलचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बालाघाटच्या वारासिवनी रोडवरच्या एका उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये मी मेट होते. आंगणावर काम करणाऱ्या मजूर बायकांना आमच्याकडे रेजा म्हणतात, आणि त्यांच्यावर जी असते ती मेट. साधा तांदूळ करायचा तर धान वाळवायचं आणि भरडायचं, झालं. उसन्याचं तसं नाही. धान धुवायचं, गरम पाण्यात भिजवायचं, वाफ द्यायची, मग वाळवायचं आणि मग भरडायचं. वाफेनं दाणा आतून घट्ट होतो, गिरणीत तुटत नाही, भात मोकळा होतो. ज्यांना त्याचा वास आवडत नाही त्यांनी खाऊ नये.

यात खरं काम वाळवणीचं. ती एका दमात करायची नाही. अर्धं वाळलं की धान ओढून ढीग करायचा आणि झाकून ठेवायचा. त्याला आम्ही आराम म्हणायचो. आतली ओल हळूहळू वर येते. मग पुन्हा पसरायचं. आराम दिला नाही तर दाण्याला आतून चीर जाते आणि गिरणीतून नुसती कणी पडते. आणि पहिली वाळवण कच्ची राहिली, तसंच ओलं धान आरामात गेलं, तर ते ढिगात तापतं आणि आंबतं. आंबलेला उसना कोणी घेत नाही. गुरंसुद्धा तोंड फिरवतात.

तेव्हा काय आधी आणि काय नंतर, यावर सगळा धंदा. आणि आमचे मुनीम शेवटाकडून बोलायचे.

ते काही वाईट माणूस नव्हते. पण त्यांना पोत्यांची काळजी असायची, म्हणून वाक्याची सुरुवात पोत्यापासून. सकाळी आंगणाच्या कडेला उभे राहून म्हणायचे, "बाई, बोरे में वो माल भरना जो दूसरी बार सूखा है, उसमें से जो कल आराम में था, मतलब जिसको परसों भाप लगी थी." आता यात पहिलं काम कोणतं? भरायचं? पसरायचं? ढीग उघडायचा? ऐकणाऱ्या बाईनं वाक्य संपेपर्यंत सगळं डोक्यात धरायचं आणि मग शेपटीकडून सोडवत यायचं. डोक्यावर टोपली असताना.

फुलवंता म्हणून एक नवी रेजा होती. तिनं पहिला शब्द ऐकला, बोरे. ती बोरे घेऊन आली आणि आरामातला ढीग उघडून गरम गरम धान भरायला लागली. अर्धा ढीग पोत्यात गेल्यावर मुनीम धावत आले.

"पूरी बात सुनी नहीं क्या?"

"तुम्हारी पूरी बात खतम होने तक रुकती तो शाम की सीटी हो जाती," फुलवंता म्हणाली.

आंगणावरच्या सगळ्या बायका हसल्या. मुनीमांचं तोंड लाल झालं. मी फुलवंताला तिथून हलवलं आणि मुनीमांना बाजूला नेऊन सांगितलं, "भैयाजी, आजपासून तुम्ही मले सांगा. मी त्याइले सांगतो." आमच्याकडे बायाही बोलताना सांगतो, करतो म्हणतात, हसू नका.

तेव्हापासून ते उलटा हुकूम द्यायचे आणि मी तो सुलटा करून बायकांना सांगायची. ढीग उघडा. पसरा. दोनदा धानातून पाय फिरवा. मग मला बोलवा. मग भरा. हात ज्या क्रमानं चालणार त्याच क्रमानं तोंड चालवायचं. माझ्या नोकरीचा अर्धा भाग हाच होता आणि त्याचा पगार वेगळा कधी मिळाला नाही.

दुसरा रिवाज आंगणावर माझ्या आधीपासून होता. माल एका कामातून दुसऱ्यात जाताना मध्ये कोणीतरी मूठभर धान घ्यायचं, दाणा दाताखाली धरायचा. वाळवणीनंतर कट्ट वाजला तर पुढे जाऊ द्या. दबला तर थांबा. भिजवल्यावर आणि वाफेनंतर हिशोब वेगळा, पण दाणा प्रत्येक सांध्यावर दाताखाली. मधल्या मध्ये चूक कुठे झाली ते त्यानं कळतं. शेवटी गिरणीतून कणी पडल्यावर कोणाला शिव्या द्यायच्या, हे शोधण्यात अर्थ नसतो.

गिऱ्हाईकंही नमुनेदार यायची. हट्टा गावचे एक मास्तर होते, तिथल्या बावडीच्या बाजूला राहायचे. घरच्या खाण्यासाठी दरवर्षी धान उसनून न्यायचे. एका वर्षी दोन जातीचं धान घेऊन आले, एक जुनं, एक नवीन, आणि म्हणाले, "दोन्ही एकत्र करून द्या." मी म्हटलं, "एकत्र कवा करू? भिजवाच्या आधी का नंतर?" ते म्हणाले, "त्यानं काय फरक पडतो?" मी म्हटलं, "नवं लवकर भिजते, जुन्याले वेळ लागते. एका टाकीत टाकलं तं एक गळन नाहीतर दुसरं कच्चं राहीन. दोघाइले आपापल्या रस्त्यानं जाऊ द्या, वाळल्यावर भेट घडवू." मास्तर म्हणाले, "म्हणजे लग्नासारखं." मी म्हटलं, तुम्ही मास्तर आहात, तुम्हीच जाणा. त्यांच्या घरी त्या वर्षी भात चांगला झाला की नाही ते माहीत नाही. पुढच्या वर्षी एकाच जातीचं धान घेऊन आले.

मग ड्रायर आला. लोखंडी उंच खोका, खालून गरम हवा, वरून धान. ऊन नको, आंगण नको, बायका नकोत. मिलचे शेठ म्हणाले, मेटबाई, आता आराम करा. फुलवंता आणि बाकीच्या काही बांधकामावर गेल्या, काही तेंदूपत्त्याच्या वेळी जंगलात जातात, काहींचं काय झालं मला कळलं नाही. त्याचं वाईट वाटतं. ड्रायरचं वाईट वाटत नाही. भर उन्हात तापलेल्या सिमेंटवर पाय फिरवून पाहा, मग तुम्हीही ड्रायरच्या बाजूनं बोलाल.

आता नातीचं. पल्लवी माझ्या मुलीची मुलगी. नागपूरला शिकली, पुण्यात नोकरी केली आणि एक दिवस बॅग घेऊन बालाघाटला परत आली.

"काहून आली वं?" मी विचारलं.

"तिथं मले कोणी ओळखत नाही, आजी."

"इथं सारे ओळखतात. ते का बरं आहे?"

ती हसली, पण परत गेली नाही. नागपूरची एक लहान कंपनी मिलवाल्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम करते, तिचं काम तिनं धरलं. कंपनीच्या सरांनी तिला सांगितलं होतं की बालाघाटला राहायचं तर आधी एक मिल एक हंगाम नीट चालवून दाखव. नाही जमलं तर पुन्हा पुण्याचा रस्ता. ती पहिली मिल म्हणजे आमचीच. शेठकडे शब्द मी टाकला. शेठ म्हणाले, "मेटबाई, तुम्हारी नातिन है तो रख लेते हैं. पर माल बिगड़ा तो फिर नातिन-वातिन कुछ नहीं." मी म्हटलं बरोबर आहे.

तिचं काम मला समजायला वेळ लागला. कॉम्प्युटरात धान जात नाही, धानाची हकीकत जाते. कोणती जात, किती ओल, किती जुनं. प्रोग्राम त्यावरून ठरवतो की किती वेळ भिजवायचं, किती वाफ द्यायची, ड्रायर किती गरम ठेवायचा. ते सगळं पॅनलवर जातं आणि पॅनलवर हेमलाल बसतो. हेमलाल आधी बॉयलरवर होता. त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून पल्लवीनं प्रोग्राममध्ये कामांची नावं हिंदीत, आपल्या अक्षरात ठेवली.

ती ज्या भाषेत लिहिते त्या भाषेत प्रत्येक कामाला फंक्शन म्हणतात. मला तिनं सांगितलं, "आजी, फंक्शन म्हंजे अशी बाई समज, जे पुढून घेते आन मागून देते. घेतलेल्या टोपलीले हात लावत नाही, नवी टोपली भरून देते. आन बाजूची काय करून राह्यली त्यात नाक खुपसत नाही."

"अशी बाई मले आंगणावर एकही भेटली नाही," मी म्हटलं.

एका फंक्शननं दिलेलं दुसऱ्यानं घ्यायचं, त्याचं तिसऱ्यानं, अशी साखळी. बरोबर आहे, आमचंही तसंच होतं. पण तिनं ती साखळी लिहिलेली दाखवली तेव्हा मला मुनीम आठवले. पडद्यावर अशी ओळ होती:

दूसरी_सुखाई(आराम(सुखाई(भाप(भिगाई(धुलाई(धान))))))

"हे तं शेवटाकडून लिवलं," मी म्हटलं. "दुसरी वाळवण सगळ्यात पुढं, आन धान कोपऱ्यात दडून बसलं."

"आतून बाहेर वाचाचं, आजी. सगळ्यात आतल्या कंसात धान. त्याले धुलाई घेते, धुलाईनं दिलं ते भिगाई घेते, असं बाहेर बाहेर येत जाचं. सवय होते."

"तुले झाली?"

"झाली ना. कंपनीत सारे असंच लिहितात."

मी तिथेच सोडलं. माझी भाकरी त्यावर नव्हती, तिची होती.

हंगाम सुरू झाला. काही दिवसांनी शेठनी तिला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, ढगाळ हवेत ड्रायरला जास्त वेळ लागतो, ते तुझ्या कॉम्प्युटरला कळलं पाहिजे. मागणी बरोबर होती. पल्लवीनं मौसम नावाचं एक नवं फंक्शन लिहिलं. बाहेरच्या हवेत ओल असली की ते पुढच्या वाळवणीचा वेळ वाढवायचं, हवा कोरडी असली की काहीच करायचं नाही. तिनं ते तिथेच शेठच्या टेबलावर त्या ओळीत बसवलं. त्या दिवसांत कडक ऊन होतं. सगळं ठीक चाललं. शेठ येता-जाता मला नमस्कार करायला लागले.

मग आभाळ भरलं. पाऊस असा नाही, पण दोन दिवस सूर्य दिसला नाही, आणि वैनगंगेकडून येणारी हवा अंगाला चिकटत होती. सकाळी हेमलालचा फोन आला.

"मौसी, नातिन को लेके आओ. आराम वाली टंकी का माल महक रहा है."

पल्लवीला घेऊन ऑटोनं निघाले. मिलमध्ये पोचलो तर टाकीजवळ उभं राहायला नको असा आंबूस वास. मी हात घालून दाणा दाताखाली धरला. तो नरम होता. मी लगेच हेमलालवर चढले. तो बॉयलरवर होता तेव्हापासून मला त्याचा संशय यायचा.

"वाफ जास्त देल्ली का? का झोपला होता?"

"मौसी, मैंने तो बटन को हाथ भी नहीं लगाया. जो पैनल में आया वही चला."

"तं मंग ड्रायरचा पंखा खराब असन."

"पंखा ठीक है. आओ, देख लो."

मी पाहिला. पंखा ठीक होता. शेठ आले, त्यांनी वास घेतला आणि मला नमस्कार केला नाही. पल्लवीला म्हणाले, "ये एक टंकी तो गई. भिगाई में दूसरा माल पड़ा है. दोपहर में उसका पानी निकालना ही पड़ेगा, नहीं तो वहीं सड़ेगा. तब तक तुम्हारी मशीन ठीक नहीं हुई तो पैनल बंद, तुम भी बंद."

"हाथ से चला लेंगे?" शेठनी हेमलालला विचारलं.

"साहब, हाथ से चलाने वाली तो सब चली गईं," हेमलाल म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. मी एकटीनं तेवढं धान पसरायचं म्हटलं तर पुढचा हंगाम आला असता.

पल्लवी पॅनलच्या खोलीत बसली. पडद्यावर तीच ओळ, आता मौसमसकट:

दूसरी_सुखाई(आराम(मौसम(सुखाई(भाप(भिगाई(धुलाई(धान)))))))

ती बोटानं कंस मोजायची, हरवायची, पुन्हा मोजायची. मग प्रत्येक फंक्शन उघडून बघितलं, प्रत्येक बरोबर होतं. भाप बरोबर. मौसम बरोबर. प्रत्येक बाई आपलं काम नीट करत होती आणि धान आंबत होतं.

तिनं नागपूरला सरांना फोन लावला. स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"सर, मी ही ओळ बाणानं लिहून बघते. आपल्या भाषेत तो बाण आहेच ना."

"हंगामाच्या मध्ये? पल्लवी, चालू प्रोग्राम पुन्हा लिहायचा नसतो. जिथे चूक आहे तेवढीच दुरुस्त कर. आणि एकाच फाईलमध्ये अर्धं कंसात, अर्धं बाणात असलं तर उद्या दुसऱ्याला वाचायला आणखी त्रास."

"सर, चूकच दिसत नाहीये."

सरांचंही काही चूक नव्हतं. चालत्या गिरणीत मीही कोणाला पट्टा बदलू दिला नसता. मग म्हणाले, "कर. पण जबाबदारी तुझी."

बाण म्हणजे काय, ते तिनं लिहिता लिहिता मला सांगितलं, म्हणजे मी विचारलं म्हणून वैतागून सांगितलं. आतून बाहेर कंस लावायचे नाहीत. धानापासून सुरुवात करायची, आणि प्रत्येक कामापुढे एक खूण. तिचा अर्थ, वरून जे आलं ते या कामाला दे. वरून आलेलं धान त्या फंक्शनच्या पहिल्या जागी आपोआप बसतं, आणखी काही सांगायचं असलं तर तेवढंच कंसात लिहायचं. एका ओळीवर एक काम. तिनं लिहिलं:

धान
→ धुलाई
→ भिगाई
→ भाप
→ सुखाई
→ मौसम

इथं तिचा हात थांबला.

"आजी," ती हळूच म्हणाली, "मौसम सुखाईच्या मागून आला."

"मंग?"

"वाळवून झाल्यावर हवा बघून काय कराचं? ढगाळ आहे हे पहिल्या सुखाईले कळलंच नाही. तिनं उन्हाचा हिशोब धरला. धान ओलंच आरामात गेलं. वेळ वाढली ते दुसऱ्या सुखाईची. तेतवर सारं आंबून गेलं."

"पण हे कोणी केलं?"

"मीच. शेठच्या टेबलावर." ती पडद्याकडेच बघत होती. "सुखाईच्या आधी घालाचं होतं. म्हणून मी सुखाईच्या डाव्या बाजूला घातलं. आपण डावीकडून वाचतो ना. पण कंसात डावीकडचं काम नंतर होते. मले माहीत होतं, आजी. रोज तेच लिहितो मी. शेठ उभे होते, मी घाई केली."

मला फुलवंता आठवली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण मी तिला हसले नाही आणि कुरवाळलंही नाही. वेळ नव्हता. मी म्हटलं, "मंग उचल आन वर ने."

तिनं मौसमची ओळ उचलली, सुखाईच्या वर ठेवली आणि खाली आराम आणि दूसरी_सुखाई लिहिलं. कुठला कंस उघडायचा, कुठला बंद करायचा, काही नाही. टोपली उचलावी तशी. दाराशी हेमलाल उभा होता. त्यानं वाचलं, "धान, धुलाई, भिगाई, भाप, मौसम, सुखाई, आराम, दूसरी सुखाई." मग म्हणाला, "अरे, ये तो मैं भी पढ़ लेता हूँ. पहले वाला तो मैं समझता था कोई मंतर है."

मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं. उत्साहात तिनं पुढची ओळही बाणानं लिहून टाकली. भिगाईच्या दोन टाक्यांत दोन जातींचा माल होता, तो वाळल्यावर मिसळायचा होता. तिनं तेही त्याच रांगेत जोडलं आणि पडदा लाल झाला. काहीतरी इंग्रजीत आलं. बाहेर हेमलालनं ओरडून विचारलं की पाणी काढायची वेळ झाली, काढू का.

"दोन माल एका रांगेत कसे चालतीन?" मी म्हटलं.

"आजी, तेच करून राह्यली मी, तू गप बस ना थोडी!"

ती बरोबर होती, तिला माझ्याआधी कळलं होतं. मिसळायला दोन हात लागतात आणि बाण एका वेळी एकच टोपली आणतो. तिनं एका जातीची रांग दुसऱ्या सुखाईपर्यंत नेली आणि तिला नाव दिलं, जुना_माल. दुसरीला नाव दिलं, नया_माल. मग खाली साधी ओळ लिहिली की हे दोन मिसळा. तिथे बाण नव्हता. मला म्हणाली की सगळीकडे बाण घुसवला तर तोही मंतरच होतो, मध्ये कुठेतरी थांबून नाव द्यावंच लागतं. लाल गेलं.

मग तिनं आणखी एक केलं, ते मला आवडलं. प्रत्येक दोन कामांच्या मध्ये तिनं एक छोटी ओळ टाकली, दिखाओ. ती ओळ काही करत नाही. आलेली हकीकत पडद्यावर दाखवते आणि जशीच्या तशी पुढे देते. भिगाईनंतर ओल किती, भापनंतर किती, पहिल्या सुखाईला वेळ किती धरला. कंसाच्या ओळीत हे करायचं म्हणजे आणखी कंस, आणखी गोंधळ. इथं नुसती एक ओळ वाढली. तिनं बाहेरच्या ढगाळ हवेचे आकडे दिले आणि पहिल्या सुखाईचा वेळ वाढलेला दिसला. मग कोरड्या हवेचे दिले. वेळ होता तेवढाच राहिला. तिनं तीन-चार वेळा करून पाहिलं.

"हेमलाल भैया," ती म्हणाली, "पानी निकालो."

संध्याकाळी मी घरी आले. ती आली नाही, मिलच्याच खोलीत थांबली. मला झोप लागली की नाही ते विचारू नका. या वयात मी कधी जागी असते आणि कधी नाही ते मलाच कळत नाही.

सकाळी डबा घेऊन गेले. आभाळ तसंच होतं. ड्रायरमधून माल उतरला होता आणि आरामाच्या टाकीत जायच्या आधी थांबवून ठेवला होता. शेठ उभे होते. हेमलाल उभा होता. पल्लवी केसही न विंचरता उभी होती. मी दाणा दाताखाली धरला. जेवढा व्हायला हवा तेवढा कडक होता. शेठकडे पाहून मी मान हलवली. शेठनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, स्वतः दाणा चावून पाहिला, मग ओल मोजायचं यंत्र मागवलं. तसं करायलाच पाहिजे.

यंत्रातला आकडा बघून शेठ म्हणाले, "ठीक है." मग दोन पावलं जाऊन परत वळले. "बेटा, वो जो सीधा-सीधा लिखा है ना, वो मोटे अक्षर में छाप के पैनल के बाजू में चिपका दो. कल को कुछ जुड़वाना होगा तो मैं भी देख सकूँ कहाँ जुड़ रहा है." आंबलेल्या टाकीबद्दल ते त्या दिवशी बोलले नाहीत. नंतर बोलले, बरंच बोलले, पण पैनल बंद आणि तुम भी बंद हे त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही.

नागपूरहून सरांचा फोन आला. बाकीच्या ओळीही तशाच लिही, म्हणाले, पण हंगाम संपल्यावर. मग विचारलं, कटंगीकडची एक मिल बोलते आहे, तिकडे बघशील का. पल्लवी म्हणाली, हो सर. म्हणजे पुण्याचा रस्ता टळला. फोन ठेवून ती पॅनलच्या खोलीत रिकाम्या बारदानावर बसली आणि बसल्या बसल्या तोंड उघडं टाकून झोपली. एवढी शिकलेली मुलगी, आणि घोरते मजुरासारखी.

मला एकदम भूक लागली. आदल्या सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, ते तेव्हा लक्षात आलं. डबा तिच्यासाठी आणला होता. तिला उठवावं की नाही याचा मी थोडा विचार केला आणि मग उघडून सगळा खाल्ला.